रेल्वे, दुर्बीण आणि चालत्या प्रवाहातला दोष

पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगाववरून जाणारा मार्ग खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीमुळे बदलायला घेतला, तेव्हापासून एक प्रश्न जोरात विचारला जातोय. एवढे संगणक आहेत, तर रेल्वेचा आवाज सॉफ्टवेअरनेच गाळून टाका की! प्रश्न रास्त आहे. रेल्वेची वाट पाहणं काय असतं, हे आम्हा मारेगावकरांना कुणी शिकवायला नको. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाकडे आमचा जिल्हा वर्षानुवर्षं डोळे लावून आहे. पण उत्तर हवं असेल तर त्या दुर्बिणीचा इतिहास थोडा बघावा लागेल.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी 1980च्या दशकात ही कल्पना मांडली. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. त्यातल्या 14 मध्यभागी, बाकी 16 तीन दिशांना सुमारे 14-14 किलोमीटर पसरलेल्या. खोडद निवडलं, कारण तिथे रेडिओचा गोंगाट कमी होता. 2002पासून ही दुर्बीण जगभरच्या शास्त्रज्ञांना खुली झाली.

या तबकड्या नुसत्या उभ्या राहून काही दिसत नाही. प्रत्येकीचा सिग्नल ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती केंद्रात येतो आणि दुसऱ्या प्रत्येकीच्या सिग्नलशी जुळवला जातो. 30 तबकड्यांच्या जोड्या होतात 435. आधी हे काम खास बनवलेली यंत्रं करायची. 2010च्या सुमारास शास्त्रज्ञांनी ते बाजारात मिळणाऱ्या 48 संगणकांच्या समूहावर आणलं. सेकंदाला जवळपास 400 कोटी आकडे, तेही थेट, न थांबता. पुढे दुर्बिणीचं नूतनीकरण झालं आणि हा प्रवाह कितीतरी पटींनी वाढला.

आता अशा प्रवाहात दोष आला तर शोधायचा कसा? निरीक्षण थांबवून एकेक यंत्र उघडत बसता येत नाही. तेवढ्यात आकाशातला तो क्षण निघून जातो. आपल्याकडे लाईट गेली की लाईनमन लाईनचा एकेक भाग बंद करत फॉल्ट कुठल्या टप्प्यात आहे ते ठरवतो. इथे तेच काम आकड्यांतून, लांबून करावं लागतं. एका तबकडीच्या सगळ्या 29 जोड्या बिघडल्या, तर संशय त्या तबकडीवर किंवा तिच्या फायबरवर. एकच जोडी बिघडली, तर दोष बहुधा हिशेब करणाऱ्या संगणकात. सगळ्याच एकदम बिघडल्या, तर सामाईक घड्याळ तपासा, नाहीतर बाहेरून आलेला गोंगाट. शिवाय ज्याची जागा आणि तेज आधीच पक्कं माहीत आहे अशा ताऱ्यासारख्या स्रोताकडे मधूनमधून तबकड्या वळवायच्या. उत्तर ठाऊक असलेलं गणित घालायचं आणि यंत्र चुकतंय का ते बघायचं. कच्चे आकडे साठवून तोच प्रवाह पुन्हा चालवूनही बघता येतो.

यात खरी भीती यंत्र बंद पडण्याची नाहीच. बंद पडलेलं लगेच कळतं. भीती आहे ती गुपचूप चुकीचे आकडे येत राहण्याची. 2023मध्ये गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचे पुरावे जाहीर झाले, त्यात याच दुर्बिणीची काही वर्षांची निरीक्षणं होती. ती थोडी जरी चुकली असती, तरी कष्ट पाण्यात!

म्हणून सॉफ्टवेअरच्या प्रश्नाचं उत्तर असं : थोडा गोंगाट गाळता येतो, आजही गाळला जातो. पण विजेच्या रेल्वेच्या ठिणग्यांसारखा जोरदार गोंगाट तबकडीवरच्या रिसीव्हरलाच बधिर करतो. संगणकाच्या आधीच जे बुडालं, ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही.

याचा अर्थ जुन्नर-आंबेगावच्या लोकांनी गप्प बसावं असा नाही. त्यांनी मागावं ते एवढंच : किती अंतरावर किती गोंगाट होतो, बोगदा, खोल कटिंग किंवा आडोसा केला तर किती कमी होतो, याची मोजमापं मराठीत, जाहीरपणे, सगळ्यांसमोर मांडा. रेल्वेनेही आणि शास्त्रज्ञांनीही. आकडे समोर नसतील तर भांडण दुर्बीणवाले विरुद्ध रेल्वेवाले एवढंच उरतं, आणि त्यात दोघांचंही नुकसान आहे.