माहुलीचे वाळवंट

माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये उभे आयुष्य काढलेले आमचे वडील माळकरी होते. जाण्यापूर्वी एवढेच म्हणाले, "अस्थी माहुलीला ने, आणि बापूला बोलव." बापू म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, माझे चुलते. बांधावरून दोघांचे बोलणे बंद होऊन बावीस वर्षे झाली होती. मी निरोप धाडला. उत्तर आले नाही.

साताऱ्याच्या पूर्वेला कृष्णा आणि वेण्णा भेटतात, ते संगम माहुली. विश्वेश्वराच्या देवळाला येणारे पुष्कळ, पण नदीकाठच्या समाध्यांजवळ थांबणारे थोडे. बापूंची वाट पाहत मी तिथेच हिंडत राहिलो.

छत्रपती शाहू महाराजांची समाधी या काठावर आहे. १६८९ साली रायगड पडला तेव्हा लहानगे शाहू आई येसूबाईंसह मोगलांच्या कैदेत गेले. ते सुटले १७०७ साली, औरंगजेबाच्या मृत्यूनंतर. येसूबाईंना मात्र सुटकेसाठी १७१९ सालापर्यंत थांबावे लागले. १५ डिसेंबर १७४९ रोजी महाराजांनी साताऱ्यात देह ठेवला. ज्यांच्या काळात मराठ्यांचे घोडे नर्मदेपलीकडे दौडले, त्यांच्या समाधीवरून दर पावसाळ्यात पुराचा गाळ वाहत राहिला.

येसूबाईंची समाधी माहुलीतच, आणि महाराणी ताराबाईंचीही इथेच. ताराबाई या शाहूंच्या चुलत्या राजारामांच्या पत्नी. औरंगजेबाशी त्यांनी निकराने झुंज दिली. शाहू सुटून आले तेव्हा गादी कोणाची, हा वाद उभा राहिला आणि १७०७ साली खेडला काकू-पुतण्यांच्या फौजा समोरासमोर आल्या. एका घराची दोन घरे झाली, सातारा आणि कोल्हापूर. पुढे ताराबाई साताऱ्यासच राहिल्या आणि १७६१ साली तिथेच वारल्या. ज्या गादीसाठी तलवारी उपसल्या, ती दोघांनाही बरोबर नेता आली नाही. वाळू मात्र दोघांच्या वाट्याला एकच आली.

जवळच महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची, खंड्याची समाधी आहे. शिकारीत त्याने धन्याला वाघापासून वाचवले, असे लोक सांगतात. राजा, राणी आणि कुत्रा यांना या काठाने वेगळे केले नाही. भूतमात्रात एकच पांडुरंग, असे आपण कीर्तनात ऐकतो. इथे ते डोळ्यांना दिसते.

ऊन चढले तेव्हा घाटाच्या पायऱ्यांवरून बापू उतरताना दिसले. काही बोलले नाहीत. गाठोड्याला हात लावला आणि लहान मुलासारखे रडले. अस्थी आम्ही दोघांनी मिळून सोडल्या. पाण्यातून बाहेर येताना एवढेच म्हणाले, "दादा दरसाल पंढरीला जायचा. त्याला इथे कशाला आणलंस?"

मी म्हणालो, "बापू, चंद्रभागा म्हणजे भीमाच. ती पुढे रायचूरच्या बाजूला कृष्णेलाच मिळते."

त्यांनी पाण्याकडे पाहत हात जोडले. थोड्या वेळाने विचारले, "यंदा दिंडीत त्याची जागा रिकामी राहायची. मी आलो तर चालेल का रे?"

माउलीहो, आपल्याही घरात असा एखादा बांध असेल, तर अस्थींची वाट पाहू नका.