युद्धकालीन मालमोटारीचा जीर्णोद्धार : एक साधनविचार

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे कागदपत्रें, शकावल्या, बखरी, ताम्रपट, शिलालेख व नाणीं एवढ्यांचीच मोजदाद करण्याची आपली संवय आहे. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून अस्सल कागदाचें महत्त्व आपल्याकडे निर्विवाद ठरलें. परंतु विसाव्या शतकाच्या इतिहासाचीं कांहीं साधनें कागदावर नसून लोखंडावर आहेत, आणि तीं दप्तरखान्यांत नसून कोणाच्या तरी घरामागील पत्र्याच्या छपराखालीं उभीं आहेत. दुसऱ्या महायुद्धांतील सैनिकी मालमोटारी हें अशा साधनांचें ठळक उदाहरण होय. युरोप-अमेरिकेंत त्या विकत घेऊन घरच्या घरीं दुरुस्त करणारे व चालत्या ठेवणारे हौशी गृहस्थ पुष्कळ आहेत. त्यांच्या या उद्योगाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. कारण जीर्ण पोथी हातीं आल्यावर जो प्रश्न आपणांपुढें उभा राहतो, तोच त्यांच्यापुढेंही उभा राहतो. वस्तु तर वांचवावयाची, पण ती वांचवितांना तिची साक्ष पुसून टाकावयाची नाहीं, हें कसें साधावें ?

उदाहरणादाखल एकच जात घेऊं. अमेरिकेंतील जीएमसी कारखान्याची अडीच टन बोजाची मालमोटार १९४१ ते १९४५ या काळांत साडेपांच लाखांहून अधिक संख्येनें तयार झाली. तिचें कारखानी नांव सीसीकेडब्ल्यू. हें नांव निरर्थक नाहीं. पाणिनीच्या अनुबंधांप्रमाणें येथें प्रत्येक अक्षर सार्थ आहे. पहिला ‘सी’ आराखड्याचें साल १९४१ दर्शवितो. दुसरा ‘सी’ इंजिनाच्या मागें चालकाची बैठक असलेली नेहमींची रचना सांगतो. ‘के’ म्हणजे पुढील चाकांसही इंजिनाची गति मिळते. आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे मागील दोन्ही आंसांस ती मिळते. पुढें ३५२ हा अंक असल्यास गाडी आंखूड, म्हणजे १४५ इंच चाकांतराची, आणि ३५३ असल्यास लांब, म्हणजे १६४ इंचांची समजावी. इंजिन सहा सिलिंडरांचें व पेट्रोलवर चालणारें, पुढें जाण्याचे गिअर पांच, आणि वीज अवघी सहा व्होल्टांची.

या गाडीनें काय काम केलें तें एका प्रकरणावरून कळून येईल. १९४४ च्या उन्हाळ्यांत नॉर्मंडीहून दोस्तांच्या फौजा इतक्या वेगानें पुढें सरकल्या कीं, रसद मागें पडली. फ्रान्समधील लोहमार्ग बॉम्बवर्षावानें उखडले होते. तेव्हां २५ ऑगस्ट रोजीं ‘रेड बॉल एक्सप्रेस’ या नांवाची अखंड मोटार-डाक सुरू झाली, ती १६ नोव्हेंबरपर्यंत चालली. २९ ऑगस्ट या एकाच दिवशीं १३२ तुकड्यांच्या ५,९५८ वाहनांनीं १२,३४२ टन माल वाहून नेला. त्या वाहनांत आपल्या या अडीच टनी गाडीचाच भरणा मोठा होता. चालकांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश शिपाई कृष्णवर्णीय होते. ज्या सैन्यांत त्यांस गोऱ्यांबरोबर एका तुकडीत राहण्याचीही मुभा नव्हती, त्या सैन्याची रसद त्यांनीं रात्रंदिवस वाहिली. गाड्यांवर दुप्पट बोजा लादला जाई, वेग आंवरणारीं यंत्रें काढून टाकलीं जात, बॅटऱ्या कोरड्या पडत, वंगण बदलण्यास सवड नसे. सेनापतींचीं नांवें सर्वत्र सांपडतात. सामान्य चालकाचें नांव सरकारी अहवालांत क्वचितच येतें. त्यानें काय सोसलें याचा पुरावा वाकलेल्या पाट्यांवर, रस्त्याकांठीं घाईनें मारलेल्या जोडणीवर, आणि काढून टाकलेल्या यंत्राच्या रिकाम्या भोंकांवर उमटलेला असतो. ज्यानें कागद लिहिला नाहीं, त्याचा हा कागद आहे.

अमेरिकी सैन्यांत दुरुस्तीच्या पांच पायऱ्या ठरविलेल्या होत्या. पहिली खुद्द चालकाची : पाणी, तेल, हवा व नट-बोल्ट पाहणें. दुसरी तुकडीच्या मिस्त्र्याची. तिसरी व चौथी फिरत्या व अवजड कारखान्यांची. पांचवी पिछाडीच्या मुख्य आगाराची, जेथें गाडी संपूर्ण उकलून पुन्हां बांधीत. या कामासाठीं छापील संहिताही होत्या. या गाडीपुरतें बोलावयाचें तर १९४४ चें टीएम ९-८०१ हें पुस्तक व जी-५०८ या क्रमांकाची सुट्या भागांची यादी हे दोन आधारग्रंथ होत. जे पुस्तक वाचीत नसत त्यांच्यासाठीं ‘आर्मी मोटर्स’ हें मासिक निघे. त्यांत विल आयस्नर या चित्रकारानें जो डोप नांवाचा गबाळा शिपाई रंगवून निगेचा उपदेश हंसत-खेळत केला. विष्णुशर्म्याची युक्ति ती हीच.

घरीं गाडी बाळगणाऱ्यास या पांचही पायऱ्या एकट्यानें चढाव्या लागतात. त्याच्या कामाचा क्रम साधारणपणें असा असतो. वर्षानुवर्षें उभ्या असलेल्या इंजिनास एकदम बॅटरी जोडून तें फिरविणें घातक होय. प्रथम सर्व प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत थोडें तेल सोडावें, तें मुरूं द्यावें, आणि मग हँडल घालून हातानें सावकाश फिरवून पाहावें. तळचें वंगण काढून त्यांत पाणी किंवा धातूचा कीस आहे काय तें तपासावें. टाकींतील जुनें पेट्रोल डिंकासारखें चिकट होऊन कार्बुरेटरचीं छिद्रें बुजवितें. आणि हल्लींच्या पेट्रोलांत मिसळलेल्या इथेनॉलनें जुन्या रबराच्या नळ्या व पंपाचे पडदे फुगून फाटतात, म्हणून ते बदलावे लागतात. सहा व्होल्टांच्या विजेस बारा व्होल्टांच्या दुप्पट प्रवाह लागतो. यास्तव बाजारांतील बारीक तारा येथें चालत नाहींत, जाडच घालाव्या लागतात.

दोन कामीं तर जिवाशींच गांठ असते. ब्रेकची द्रवनळी सर्व चाकांस मिळून एकच असल्यामुळें एका ठिकाणीं गळती झाली कीं, सगळेच ब्रेक जातात. ब्रेकचा द्रव हवेंतील ओल शोषून घेतो व आंतून गंज चढवितो. म्हणून बाहेरून नळी चांगली दिसली तरी तिच्यावर विसंबूं नये. जुन्या ब्रेकपट्ट्यांच्या धुळींत ॲसबेस्टॉस असण्याचा संभव फार, यासाठीं ती फुंकून उडवूं नये, ओल्या फडक्यानें टिपावी. दुसरें काम चाकाचें. टायर जागीं धरणारें पोलादी कडें गंजलेलें किंवा नीट न बसलेलें असेल तर हवा भरतांना तें तोफगोळ्यासारखें उडतें. चाक सोडविण्यापूर्वीं हवा पूर्ण काढावी व भरतांना तें लोखंडी पिंजऱ्यांत ठेवावें, हा नियम कधींही मोडूं नये.

येथपर्यंत दुरुस्तीचा भाग झाला. आतां गाडी साक्ष कोणकोणत्या ठिकाणीं देते तें पाहूं. सांगाड्याच्या तुळईवर ठोकलेला क्रमांक, चालकासमोरील फळीवरील धातूच्या पट्टीवर कोरलेला क्रमांक व सैन्यास गाडी सुपूर्द केल्याची तारीख, आणि इंजिनावरील क्रमांक हा तिचा ताम्रपट होय. ओतीव भागांवर पुष्कळदां ओतकामाची तारीख दर्शविणारीं अक्षरें असतात. फोर्ड कारखान्यानें बनविलेल्या जीपगाडीच्या तर बोल्टांवरही ‘एफ’ हें अक्षर सांपडतें. लेखकानें प्रत्येक पानावर आपली खूण करावी तसा हा प्रकार. बांधणीही काळ सांगते. अडीच टनी गाडीचा हौदा प्रथम पोलादी होता, मग पोलाद वांचविण्यासाठीं लाकडी केला, आणि शेवटीं दोहोंच्या मिश्रणाचा झाला. चालकाची केबिनही आधीं बंद पोलादी व पुढें ताडपत्रीच्या छताची झाली. मागील आंस दोन निरनिराळ्या घडणींचे आढळतात, त्यांवरूनही कुळी ओळखतां येते.

सर्वांत नाजूक साक्ष रंगाची. जुन्या पोथींत चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावून वर नवें अक्षर लिहिलेलें आपण पाहतों, आणि हरताळाखालचें अक्षर वाचण्यासाठीं धडपडतों. गाडीच्या बॉनेटवर असेच थर असतात. वर शेवटच्या खाजगी मालकाचा रंग, त्याखालीं एखाद्या दुसऱ्या राष्ट्राच्या सैन्याचा, आणि तळाशीं मूळचा हिरवट-तपकिरी, बिनचमकीचा. ओल्या बारीक पॉलिश-कागदानें एकेक थर हलक्या हातानें घांसल्यास कधीं कधीं मूळ नोंदणीक्रमांक व तुकडीची खूण उमटते. वाळूच्या मारानें पत्रा एका दुपारीं लखलखीत करतां येतो; पण त्या दुपारीं जें जातें तें पुन्हां कोणासही वाचतां येणार नाहीं.

दुर्दैवानें असा मारा हाच पुष्कळांचा परिपाठ आहे. गाडी कारखान्यांतून निघाली त्या दिवसासारखी दिसावी अशी हौस असते. मग मूळ पट्टी झिजली म्हणून तीसारखीच नवी पट्टी बाजारांतून आणून बसविली जाते, आणि एखाद्या नामांकित पलटणीची खूण कांहींएक पुरावा नसतां दर्शनी पट्टीवर रंगविली जाते. ताम्रपटाच्या बाबतींत यास आपण काय नांव देतों तें वाचकांस सांगावयास नको. शिवाय सर्वच गाड्या एकजिनसी नाहींत. फ्रेंच सैन्यानें युद्धानंतर या गाड्या कित्येक दशकें वापरल्या. त्यांच्या आगारांत शेंकडों गाड्या एकदम उकलून, सांगाडा एकीचा, इंजिन दुसरीचें व आंस तिसरीचे अशा पुन्हां जोडीत. पाठपरंपरांची सरमिसळ झालेल्या पोथीसारखी त्यांची स्थिति आहे. तिला १९४४ ची शुद्ध प्रति बनविण्याच्या भरांत फ्रेंच आगाराच्या खुणा पुसणें म्हणजे एक खरा इतिहास मारून दुसरा कल्पित इतिहास लिहिणें होय.

या प्रश्नाचें उत्तर आपल्या विद्येंत आधींच तयार आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ सालीं आरंभिली गेली व १९६६ सालीं पुरी झाली. कै. डॉ. सुखठणकर यांनीं १९२५ पासून तिचें प्रमुख संपादकत्व केलें. त्या आवृत्तींत स्वीकारलेला पाठ वर असतो, टाकलेले पाठ तळटीपेंत राहतात, मोठे प्रक्षिप्त भाग परिशिष्टांत जातात, आणि जेथें संपादकास पाठाची खात्री नाहीं तेथें अक्षराखालीं नागमोडी रेघ असते. निर्णय तर घेतला, पण दुसऱ्यास तो तपासतां यावा एवढी सर्व सामुग्री जपून ठेवली, हें तिचें मर्म. मालमोटारीस हाच न्याय लावावा. उकलण्यापूर्वीं सर्व बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं. प्रत्येक क्रमांक, खूण व रंगाचा थर वहींत टिपावा. काढलेला भाग नांवनिशाणी बांधून पेटींत ठेवावा. ही पेटी म्हणजे तळटीप. नव्या भागावर सालाचा ठसा मारावा, म्हणजे पुढील परीक्षकाची फसगत होणार नाहीं. आणि न सांपडलेली खूण रंगवूं नये. तेथें रिकामी जागा हीच नागमोडी रेघ.

यावर कोणी म्हणेल कीं, पोथी कपाटांत राहते, गाडी रस्त्यावर चालते. तिच्यापुढें लोक असतात. तेथें जुनेपणाचा सोस कसा चालेल? आक्षेप रास्त आहे, आणि आम्ही तो मान्य करतों. ब्रेकची नळी, टायर, त्यांचें कडें, विजेच्या तारा यांत जुन्याचा मोह मुळींच धरूं नये; मनुष्याचा जीव पुराव्याहून मोठा. परंतु जिवासाठीं बदलावें लागतें तें थोडें असतें, आणि हौसेसाठीं पुसलें जातें तें फार. रंग, पट्टी, डागडुजीचे सांधे, लाकडी फळीवर शिपायानें कोरलेलीं अक्षरें यांचा सुरक्षिततेशीं कांहीं संबंध नाहीं. जीर्णोद्धार व नवनिर्मिति यांतील सीमारेषा नेमकी येथें आहे.

हा विचार केवळ परदेशीयांसाठीं नाहीं. जबलपूरच्या तोफगाड्यांच्या कारखान्याची स्थापना १९०४ ची. तोफगाडे घडविणाऱ्या त्याच कारखान्यांत मान या जर्मन कंपनीच्या परवान्यानें १९५९ सालीं ‘शक्तिमान’ ही मालमोटार तयार होऊं लागली. १९६५ व १९७१ च्या युद्धांत तिनें आपल्या जवानांस व दारूगोळ्यास वाहिलें. १९९६ सालीं तिचें उत्पादन थांबलें. सैन्यानें निकालांत काढलेल्या गाड्या लिलावानें विकल्या जाऊन कांहीं डोंगरांत व रानांत लांकूडफांटा वाहत राहिल्या, कांहीं भंगारांत गेल्या. एका पेशवाई तोफगाड्याच्या चाकासाठीं आपण आज काय देणार नाहीं ? शक्तिमानाविषयीं आपलीं नातवंडें असाच प्रश्न विचारतील.

म्हणून पोथ्या व दप्तरें जमविणाऱ्या आमच्या मित्रांस इतकीच विनंति आहे. गांवोगांव फिरतांना एखादी सैनिकी गाडी, तिची पट्टी, तिची नोंदवही, दुरुस्तीचें पुस्तक किंवा जुन्या चालकाजवळील छायाचित्र दृष्टीस पडल्यास तें यंत्रज्ञाचें काम म्हणून सोडून देऊं नये. क्रमांक उतरून घ्यावा, चालक हयात असल्यास त्याची हकीकत लिहून घ्यावी, आणि मालक ती गाडी दुरुस्त करणार असेल तर रंग खरवडण्यापूर्वीं त्याची गांठ घ्यावी. एवढ्यासाठीं इंजिनाचें ज्ञान लागत नाहीं. पाठभेद जपणाऱ्याची नजर पुरते.