सीएसएमटीपेक्षा वडील

सेक्रेटरींनी स्मरणिकेसाठी लेख मागितला. सोसायटीची २५ वर्षं सगळ्यांना तोंडपाठ आहेत, म्हणून मी आपल्या भायखळा स्टेशनवर लिहितो आहे.

पाहुणे आले की आपण त्यांना सीएसएमटी दाखवायला नेतो. ती इमारत भव्य आहेच; पण तिचं काम सुरू झालं १८७८ मध्ये. आपल्या स्टेशनची दगडी इमारत १८५७ ची, म्हणजे वयाने चांगली वडील! १६ एप्रिल १८५३ रोजी ज्या बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, ते मूळ स्टेशन आज राहिलेलं नाही. भायखळ्याचं राहिलं आहे. इथेही आधी साधी लाकडी शेडच होती.

खरं तर पहिल्या गाडीच्याही आधी भायखळ्याने इंजिन पाहिलं. रेल्वेच्या बांधकामासाठी आणलेलं ‘फॉकलंड’ इंजिन १८५२ मध्ये इथल्या मोकळ्या माळावर धावलं. गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड यांचंच नाव त्याला दिलं होतं. बैल नाही, घोडा नाही, आणि गाडी चालते हे बघायला लोक जमत.

सीएसएमटीसारखे घुमट, पुतळे इथे शोधू नका. दगडी भिंती, ओतीव लोखंडाचे खांब आणि नक्षीच्या जाळ्या, एवढाच थाट. पण तोही आम्हाला कधी दिसला नाही. दर काही वर्षांनी जुन्या रंगावर नवा ऑइलपेंट चढायचा, त्यावरून वायरींची जाळी. शिवाय ८.४२ ची फास्ट पकडणारा माणूस इंडिकेटर बघतो, खांब नाही. मी ३४ वर्षं तेच केलं.

२०१९ मध्ये जीर्णोद्धार सुरू झाला. ‘आय लव्ह मुंबई’ संस्थेचा पुढाकार, बजाज समूहाच्या ट्रस्टची देणगी आणि आभा नारायण लांबा यांचं मार्गदर्शन. रंगाचे थर खरवडून मूळ दगड, लाकूड, लोखंड बाहेर काढलं. (आपल्याकडे नुसता जिन्याचा रंग ठरवायला तीन मीटिंगा लागल्या होत्या!) आणि हे सगळं चालत्या स्टेशनात, रोजच्या गर्दीतून वाट काढत. मधली कोविडची दोन वर्षं धरून २०२२ मध्ये काम पुरं झालं. त्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कारांत भायखळ्याला ‘अवॉर्ड ऑफ मेरिट’ मिळालं. बातमी वाचून मी मुद्दाम खाली उतरून बघून आलो. रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच गाडी पकडायची नसताना स्टेशनवर उभा होतो.

रविवारी सकाळी गर्दी कमी असते. नातवंडांना घेऊन जाऊन या. प्लॅटफॉर्म तिकीट मात्र काढा.