वाड्यातला जिना
पेशवाईतल्या वाड्यांचे जिने बहुधा भिंतीच्या जाडीतच काढलेले असत: अरुंद, अंधारे, आणि पायऱ्या चांगल्याच उंच. त्यात जागा वाचे, परक्यांना एकेकट्यानेच चढावे लागे. घरच्या म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांचा विचार मात्र फारसा झालेला दिसत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे वरून सोडलेला जाड दोर. तो धरून चढउतार होई, अंधारात पायापेक्षा हातावरच भिस्त असे. काही जिन्यांच्या तोंडावर लाकडी झडप असे. ती लावली की माडीवर रांगणारे मूल खाली कोसळण्याची धास्ती उरत नसे. पुढे चाळींमध्ये उघडे जिने, लाकडी कठडे आले. आता जिन्यांची मापे राष्ट्रीय इमारत संहितेत दिलेली असतात; तिची पहिली आवृत्ती १९७० सालची. या संहितेनुसार घरगुती जिन्याची पायरी १९ सेंटिमीटरपेक्षा उंच किंवा २५ सेंटिमीटरपेक्षा अरुंद चालत नाही.