रूळ उखडल्यावर उरलेली वाट

शिकागोच्या पश्चिमेकडची गावं शहराशी जोडणारी ‘शिकागो, ऑरोरा अँड एल्जिन’ ही विजेवर धावणारी रेल्वे. १९५७ साली तिच्या प्रवासी गाड्या बंद पडल्या आणि दोन वर्षांत मालगाड्याही थांबल्या. मागे उरला मैलोन्‌मैल लांबीचा अरुंद पट्टा. त्याचे तुकडे पडणार हे दिसतच होतं.

मे थिलगार्ड वॉट्स या निसर्ग-अभ्यासक बाईंनी सप्टेंबर १९६३मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ला पत्र लिहिलं. ब्रिटनमधल्या सार्वजनिक पायवाटांचा दाखला देऊन त्यांनी मागणी केली की, हा पट्टा चालणाऱ्यांसाठी राखा. त्या वेळी त्या सत्तरीच्या होत्या. पत्र वाचून माणसं जमली, संस्था उभी राहिली, आणि १९६६ साली ड्यूपेज काउंटीने आपल्या हद्दीतली जागा त्यांना वाटेसाठी भाडेपट्ट्याने दिली. झुडपं तोडणं, वाट मोकळी करणं ही कामं स्वयंसेवकांनी हातांनी केली. हीच ‘इलिनॉय प्रेअरी पाथ’. त्याच सुमारास शेजारच्या विस्कॉन्सिन राज्याने एल्रॉय ते स्पार्टा हा ३२ मैलांचा, तीन बोगद्यांचा बंद लोहमार्ग अवघ्या १२,००० डॉलरना घेतला.

एवढ्या स्वस्तात हे जमलं, कारण वाटेचं अवघड काम रेल्वेने आधीच करून ठेवलं होतं. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही. म्हणून भराव घातलेले, डोंगर कापलेले, पूल बांधलेले. रूळ-स्लीपर काढून बारीक चुनखडीची कच दाबून बसवली की लहान मूलही तिथे सायकल चालवू शकतं. खरी दौलत म्हणजे पट्ट्याचं सलगपण. ते एकदा मोडलं की शेकडो मालकांकडून पुन्हा जुळवणं जवळजवळ अशक्य.

आणि ते मोडायला कायदाच कारण होत होता. रेल्वेकडे बऱ्याच ठिकाणी फक्त वहिवाटीचा हक्क असे. मार्ग सोडला की जमीन शेजारच्या मालकाकडे परत जाई. १९८३मध्ये अमेरिकन काँग्रेसने तोडगा काढला: पुढेमागे गाडी पुन्हा सुरू होऊ शकेल म्हणून पट्टा राखून ठेवायचा आणि तोवर लोकांनी तिथे चालायचं. त्यामुळे मार्ग ‘सोडला’ असं धरलं जात नाही. जमीनमालक कोर्टात गेले. १९९०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा ग्राह्य ठरवला, मात्र मालकांना भरपाई मागण्याची वाट मोकळी ठेवली. मला हे न्याय्य वाटतं. सार्वजनिक वाटेची किंमत एकट्या शेतकऱ्याने का मोजावी?

पैशाचा कायमचा झरा १९९०च्या दशकात सापडला. बर्फावरच्या आणि आडवाटेच्या मोटारगाड्यांच्या इंधनावर जो केंद्रीय कर जमतो, त्याच्या आधारे राज्यांना मनोरंजन-वाटांसाठी निधी मिळू लागला. त्यातला ३० टक्के मोटारवाल्यांच्या वाटांना, ३० टक्के पायी आणि सायकलने जाणाऱ्यांच्या वाटांना, उरलेला ४० टक्के मिश्र वापराला. स्थानिकांनी आपला हिस्सा घालायचा असतो. तो रोखच हवा असं नाही. फावडं घेऊन आलेल्या गावकऱ्यांच्या श्रमाचं मोलही त्यात धरता येतं.