हैदराबाद आणि गुडघ्याचे मोजमाप : एक दृष्टिक्षेप

हैदराबादच्या वैद्यकीय इतिहासाचा विषय निघाला की 1888 व 1889 सालच्या क्लोरोफॉर्म आयोगांचा उल्लेख हमखास होतो. या शहराचा अस्थिरोग चिकित्सेचा वारसाही अभ्यासण्याजोगा आहे. निजामाच्या धर्मादाय न्यासाने पंजागुट्टा येथे उभारलेले निजाम ऑर्थोपेडिक रुग्णालय 1964 मध्ये सुरू झाले. 1980च्या दशकात त्याचेच रूपांतर निजाम आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे ‘निम्स’मध्ये झाले.

अस्थिशल्यचिकित्सेत सांध्याची हालचाल अंशांत मोजतात. त्यासाठी दोन पट्ट्यांचे गोनिओमीटर वापरतात. ग्रीक भाषेत ‘गोनिया’ म्हणजे कोन व ‘गोनू’ म्हणजे गुडघा. संस्कृत ‘जानु’ आणि फारसीतून उर्दूत आलेला ‘ज़ानू’ हे त्याच कुळातील शब्द होत. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांचे अपंगत्व ठरविण्यासाठी अशा मोजमापाला महत्त्व आले. 1965 मध्ये अमेरिकेतील अस्थिशल्यविशारदांच्या अकादमीने नोंदीची पद्धत पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केली. सरळ पाय म्हणजे शून्य अंश. निरोगी गुडघा सुमारे 135 ते 140 अंश वाकतो.

या अंशांचे मोल पोलिओग्रस्त मुलांच्या बाबतीत स्पष्ट होते. स्नायू आखडून गुडघा वाकलेलाच राहिला, तर कॅलिपर नीट बसत नाही. प्लास्टर किंवा शस्त्रक्रियेने पाय जवळजवळ सरळ करून घ्यावा लागतो. ‘निम्स’मधील मुले तीन किलोंहून जड धातूचे कॅलिपर ओढत चालत. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी भाषणांतून सांगितल्याप्रमाणे, तेथील एका अस्थिशल्यविशारदाच्या भेटीनंतर ‘अग्नी’ क्षेपणास्त्रासाठी विकसित केलेल्या हलक्या पदार्थापासून सुमारे 300 ग्रॅमचे कॅलिपर तयार झाले. पाऊल जमिनीवर टेकताच ते नडगीला मागे रेटते व दुबळा गुडघा दुमडू देत नाही. 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला.

आता झिजलेल्या गुडघ्याच्या जागी कृत्रिम सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया सर्रास होते. तिच्यानंतर आतील व्रण घट्ट होण्यापूर्वी, पहिल्या काही आठवड्यांतच, व्यायामाने हालचाल मिळवावी लागते. म्हणून पाय किती सरळ होतो व किती वाकतो, हे वारंवार मोजतात. सपाट जागी चालण्यास सुमारे 60 अंश पुरतात, खुर्चीवरून उठण्यास 90हून थोडे अधिक लागतात. परंतु दस्तरखानावर मांडी घालणे, उकिडवे बसणे किंवा नमाजातील क़ादा यांसाठी 130 अंशांहून अधिक वाकावे लागते. कृत्रिम सांधा बहुधा 110 ते 120 अंशांपर्यंतच पोहोचतो.

म्हणजे कागदावर यशस्वी ठरलेला गुडघा दख्खनी घरात अपुरा पडू शकतो. आजारी माणसाला बसून, खुर्चीवरही नमाज अदा करण्याची सवलत आहे, तरी जमिनीवरची बैठक सुटल्याची खंत राहते. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्ण घरात कसा बसतो-उठतो याची विचारणा होणे आणि मिळणाऱ्या अंशांची मर्यादा त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगणे अगत्याचे ठरते.