कुंकू लावताना

मैत्रिणींनो, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या बेळगावात, त्यामुळे शौर्याच्या कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण खासबागेतून त्या बाजूला गेले की मला वाटतं, रणात त्या शिपायांना घरच्या अस्तुरीची आठवण येतच असणार. ती ते सांगत कशी असतील?

पहिल्या महायुद्धात पुष्कळ शिपायांना लिहिता येत नव्हतं. पत्र दुसऱ्याकडून लिहवून घ्यायचं. वाटेत सेन्सॉरचा साहेब ते वाचणार. घरी बायकोलाही वाचता येत नसेल, तर कुणीतरी ते चारचौघांत मोठ्यानं वाचणार. मग मनातलं कोण लिहिणार? बैलांची, पावसाची, थोरामोठ्यांची चौकशी करायची. त्या चौकशीतच तिनं आपली माया ओळखायची. फ्रान्समधून आलेल्या अशा पत्रांचे सेन्सॉरनं इंग्रजीत केलेले उतारे लंडनला आजही जपून ठेवलेत.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, तेवढीही सोय उरली नाही. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी डिसेंबर १९१५ मध्ये तैग्रिसकाठच्या कूत गावात वेढ्यात अडकल्या. घोडे कापून खायची पाळी आली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. पुढे कैद, वाळवंटातली पायपीट. कित्येक परतलेच नाहीत.

इकडे तिला काय कळणार? धनी आहे की गेला, हेच ठाऊक नसताना रोज सकाळी कुंकू लावायचं! पलटणीला मानसन्मान मिळाले, त्यांची नोंद झाली. तिच्या त्या सकाळी कुणी मोजल्या?